लहान आतड्यातली गाठ : पैसा आहे, औषध आहे, मग अडतं कुठं?

कॅन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं तंबाखूवाल्याचं तोंड येतं, नाहीतर बायकांच्या स्तनाची किंवा गर्भाशयाच्या तोंडाची गाठ येते. लहान आतड्यालाही कॅन्सर होतो असं कुणी सांगितलं तर पुष्कळांना ते खरं वाटणार नाही. तो होतो क्वचितच, हे मात्र खरं आहे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या मार्गात जेवढे कॅन्सर होतात, त्यात लहान आतड्याचा वाटा शंभरात पाचसुद्धा भरत नाही. मग ग्रामीण पानावर त्याच्यासाठी एवढी जागा का अडवायची?

कारण असं की, हा आजार माणसाला फसवतो कसा हे एकदा कळलं की पोटाचे दुसरे पाच-दहा आजारही वेळेत पकडता येतात. शिवाय गेल्या दहा-बारा वर्षांत उपचाराच्या पैशाची आणि औषधाची अडचण बरीच हलकी झाली. आता गाडी अडते ती निदानापाशी. निदानाचा पहिला टप्पा पुण्या-मुंबईत नसतो, तो काष्टीत, वांगदरीत, आढळगावात, आपल्या उपकेंद्रावर आणि गल्लीतल्या दवाखान्यात असतो.

लहान आतडं नावाला लहान. लांबी भरते वीस फुटांच्या आसपास. ते रुंदीनं कमी म्हणून लहान म्हणायचं. जठरातून बाहेर पडल्यावर पहिलं वीतभर आद्यांत्र, मग मधलं आतडं आणि शेवटचं शेषांत्र, जे उजव्या कुशीत खाली मोठ्या आतड्याला मिळतं. एवढ्या लांब नळीत कॅन्सर इतका कमी का, याचं कोडं डॉक्टरांनाही होतं. अन्न तिथून पातळ स्वरूपात लवकर पुढं सरकतं, जंतू कमी असतात, आतलं अस्तर काही दिवसांत नवं होत राहतं, अशी कारणं सांगितली जातात.

गाठी मात्र एका जातीच्या नसतात, हे ध्यानात ठेवा. चार जाती मुख्य. आतल्या अस्तरातून उठणारा नेहमीचा कॅन्सर, तो बहुधा आद्यांत्राकडं असतो. संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ, ती बहुधा शेवटच्या टोकाकडं. आतड्याच्या भिंतीच्या मांसल थरातून वाढणारी गाठ, जिला डॉक्टर ‘जिस्ट’ म्हणतात. आणि लसिका ग्रंथींच्या पेशींची गाठ, म्हणजे लिम्फोमा. चारींचे उपचार वेगळे, औषधं वेगळी, आयुष्याचा अंदाजही वेगळा. ‘आतड्याचा कॅन्सर आहे’ एवढ्या वाक्यावर कुणी हातपाय गाळू नयेत ते यासाठीच.

यातल्या दुसऱ्या जातीचं नाव आपल्याकडं घरोघर पोचलं ते २०१८ च्या मार्चमध्ये. अभिनेता इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचं जाहीर केलं. नावात ‘न्यूरो’ आहे म्हणून लोकांनी मेंदूचा आजार समजून टाकला, तेव्हा त्यांनाच खुलासा करावा लागला की न्यूरो म्हणजे दर वेळी मेंदू नव्हे. त्यांनी लंडनला जाऊन उपचार घेतले आणि २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. ही जात शरीरात बऱ्याच ठिकाणी होते आणि लहान आतडं हे तिच्या नेहमीच्या जागांपैकी एक. जर्मन डॉक्टर ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ साली लहान आतड्यातल्याच अशा गाठींना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कॅन्सरसारखी पण तितकी उग्र नसलेली, असं नाव दिलं. पुढं कळलं की ती सावकाश वाढते, पण पसरतेही.

दुखणं येतं आणि जातं, खोट आहे ती इथंच

आता लक्षणांकडं येऊ. पहिलं लक्षण पोटदुखीचं, पण या पोटदुखीला एक चाल आहे. जेवल्यावर थोड्या वेळानं बेंबीभोवती कळ येते, पोट गुडगुडतं, फुगतं. कधी उलटी होते, कधी पातळ परसाकडला होते आणि सगळं शांत. माणूस दुसऱ्या दिवशी उसाला पाणी धरायला जातो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. गाठीमुळं आतड्याची वाट अरुंद झालेली असते. पातळ पदार्थ जातो, भाकरीचा घट्ट घास अडतो, मग आतडं जोर लावून ढकलतं, त्याचीच ती कळ. अडलेलं सुटलं की दुखणं थांबतं, गाठ मात्र तिथंच राहते.

या येण्या-जाण्यातच माणसं फसतात. कळ थांबली ती बेंबी बसवल्यामुळं, ओवा-सोड्यामुळं किंवा कालच्या इंजेक्शनमुळं, असं आपण धरून चालतो. गावात तर नावं तयारच आहेत. वायगोळा, पित्त, गॅस, उष्णता. प्रत्येक वेळी गुण येतो, म्हणून प्रत्येक वेळी उपाय खरा ठरतो. एकेका दिवसाची पोटदुखी बघितली तर कुठल्याच डॉक्टरला तिच्यात वावगं दिसणार नाही. सहा महिन्यांचा हिशेब पुढं ठेवला तर दिसेल. तेव्हा कॅलेंडरवर खूण करायला लागा. कळ कधी आली, जेवणानंतर किती वेळानं आली, उलटी झाली का, किती तासांनी थांबली. दुधाच्या डेअरीचं कार्ड आपण चुकवत नाही, त्यातलंच हे काम. हा कागद डॉक्टरपुढं ठेवला तर त्याचं अर्धं काम तुम्ही केलेलं असेल.

दुसरं लक्षण डोळ्यांना दिसत नाही. गाठीवरून थोडं थोडं रक्त आतड्यात झिरपतं. मळात ते मिसळून जातं, लाल दिसत नाही. जास्त गेलं तर मळ डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र वासाचा होतो. (लोहाच्या गोळ्या चालू असतील तरी मळ काळा दिसतो. तेवढ्यावरून घाबरू नका, पण डॉक्टरला गोळ्यांचं आठवणीनं सांगा.) अशा झिरपण्यानं अंगातलं रक्त कमी होत जातं. चढावर दम लागतो, खुरप्याला बसलं की उठवत नाही, पापणीच्या आत फिकट दिसतं. घरचे म्हणतात, वय झालं.

तिसरं, वजन. कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन दहा किलोनं कमी भरलं तर आपण भांडतो. स्वतःचं वजन वर्षभरात किती उतरलं हे विचारलं तर सांगता येत नाही. ‘पँट ढिली झाली’ एवढंच कळतं. आरोग्य केंद्रावर काटा असतो, फुकट असतो. न ठरवता वजन घटत असेल तर त्याचं कारण शोधलंच पाहिजे.

बाकीची लक्षणं गाठीच्या जागेप्रमाणं. आद्यांत्रात पित्तनळीच्या तोंडाशी गाठ असेल तर कावीळ होते. अशी कावीळ औषधी पाल्यानं उतरायची वाट बघण्यात महिने जातात. संप्रेरकवाली गाठ यकृतात पसरली असेल तर चेहऱ्यावर एकाएकी गरम लाट येते, सोबत पातळ जुलाब, कुणाला दम्यासारखी घरघर. सावळ्या चेहऱ्यावर लाली दिसत नाही, गरमपणा तेवढा जाणवतो. पन्नाशीच्या बाईला असं झालं की ‘पाळी जायचं वय आहे’ म्हणून विषय संपतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण त्या लाटेबरोबर जुलाब नसतात, एवढा फरक लक्षात असू द्या.

आणखी एक. आतड्यात आतडं शिरणं हा प्रकार लहान लेकरांत होतो, तेव्हा त्यामागं बहुधा गाठ नसते. मोठ्या माणसात झाला तर मागं गाठ असण्याचा संशय धरावाच लागतो. कधीकधी तर पहिली ओळख थेट ऑपरेशनच्या टेबलावरच होते. पोट टणक फुगलेलं, उलट्या थांबत नाहीत, वारा सरत नाही, परसाकडला होत नाही, असं झालं तर एरंडेल देऊ नका, जुलाबाची गोळी देऊ नका, पोट चोळू नका. गाडी काढा आणि सर्जन असलेल्या दवाखान्यात त्याच दिवशी न्या.

टीबीचं औषध आणि पिशवीचं ऑपरेशन

इथं जरा थांबून आपल्या भागाची खरी अडचण बघू. वर सांगितलेली लक्षणं वाचून कुठलाही अनुभवी डॉक्टर पहिल्यांदा काय म्हणेल? आतड्याचा टीबी. आणि तो चूक म्हणत नाही. आपल्या देशात लहान आतड्याची वाट अरुंद व्हायला टीबी हे मोठं कारण आहे. टीबीही शेषांत्राच्या टोकालाच बसतो, तोही वजन उतरवतो, रक्त कमी करतो, येऊन-जाऊन कळ आणतो. सीटी स्कॅनच्या चित्रातसुद्धा दोघं भावासारखे दिसू शकतात.

म्हणून शक्य असेल तिथं दुर्बिणीतून तुकडा काढून तपासणं हा सरळ मार्ग. पण आतड्याचा मधला भाग तोंडाकडच्या दुर्बिणीला लांब पडतो आणि खालच्या दुर्बिणीलाही. खालून गेलेली दुर्बीण शेषांत्राचं शेवटचं टोक तेवढं बघते. मग पुष्कळदा टीबीची औषधं सुरू करून गुण येतो का ते बघतात. या पद्धतीला नावं ठेवायचं कारण नाही. मात्र तिला मुदत पाहिजे. टीबी असेल तर दोन-तीन महिन्यांत भूक लागायला लागते, वजन वाढायला लागतं, ताप-कळ कमी होते. तसं काहीच झालं नाही, तर ‘कोर्स पुरा करा, मग बघू’ यावर गप्प बसू नका. औषध मनानं बंद करू नका, हे दहादा सांगतो. पण डॉक्टरला विचारा, निदान पुन्हा तपासायचं का?

बायकांच्या बाबतीत दुसरी पंचाईत आहे. बाईच्या पोटात दुखतंय म्हणजे दोष पिशवीचाच, असं धरून चालणारे कमी नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्याचा विषय २०१९ मध्ये गाजला. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्या बायकांना आतड्याच्या गाठी होत्या असं इथं मुळीच म्हणायचं नाही. सांगायचं एवढंच की पोटात पिशवीखेरीज वीस फूट आतडं आहे, याची आठवण डॉक्टरांना कुणीतरी करून द्यायला हवी. ती बाईनं स्वतः केली तर उत्तम. ‘जेवल्यावर दुखतं का पाळीच्या वेळी दुखतं’ हे तिनं नीट सांगितलं तरी पुष्कळ उलगडतं.

आणि हो, रक्त कमी झालं म्हणजे गाठच, असंही डोक्यात घेऊ नका. अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या आतड्यात हुककृमी असू शकतात, मूळव्याध असू शकते, जठरात व्रण असू शकतो. अंगदुखीसाठी मेडिकलमधून रोज घेतलेल्या गोळ्यांनी लहान आतड्याला जखमा होतात आणि रक्त जातं, हे तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. ही कारणं जास्त वेळा सापडतात, आधी तीच शोधायची. त्यातलं एकही सापडलं नाही, तोंडाकडून आणि खालून दोन्ही दुर्बिणी स्वच्छ निघाल्या आणि रक्त तरीही उतरतंय, तेव्हा मधल्या आतड्याकडं बघायची पाळी येते. त्यासाठी आतड्याचा खास सीटी स्कॅन आहे आणि गोळीसारखा गिळायचा कॅमेराही आहे. इस्रायलच्या गाव्रिएल इदान यांनी तो तयार केला, २००१ पासून तो वापरात आला. वाट फार अरुंद असेल तर ती कॅमेरा-गोळी आतच अडकू शकते, म्हणून ती कुणाला द्यायची ते डॉक्टरच ठरवतात.

म्हाताऱ्यांचं रक्त कोण तपासतं?

गावकारभाऱ्यांनो, आता थोडं तुमच्याशी. २०१८ पासून अॅनिमियामुक्त भारत ही मोहीम आहे. तिच्यात लहान मुलं, किशोरवयीन मुलं-मुली, पाळीच्या वयातल्या बायका, गरोदर आणि स्तनदा माता येतात. योग्यच आहे, महाराष्ट्रात पाळीच्या वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं. दुसरीकडं तिशीवरच्यांची असंसर्गजन्य आजारांची तपासणी होते. तिच्यात रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख बघतात. या दोन याद्या शेजारी ठेवून बघा. साठीचा शेतकरी आणि त्याची मालकीण यांच्या हिमोग्लोबिनची पाळी कुठल्याच यादीत येत नाही. आतड्याच्या गाठी बहुतांशी याच वयात होतात. पंचविशीतल्या बाईचं रक्त कमी असणं आपल्याकडं दुर्दैवानं नेहमीचं झालंय. पण पन्नाशी-साठीतल्या गड्याचं रक्त विनाकारण आठावर आलं तर ती नेहमीची गोष्ट नव्हे, रक्त आतून कुठंतरी जातंय असं समजून शोध सुरू झाला पाहिजे. लोहाच्या गोळ्या देऊन आकडा वर आणला म्हणजे गळती बंद झाली असं होत नाही. विहिरीत टँकर ओतण्यासारखंच ते.

ग्रामपंचायत आरोग्य शिबिर घेते, तेव्हा बीपी-शुगरच्या टेबलाशेजारी पन्नाशीवरच्यांसाठी हिमोग्लोबिनचं एक टेबल मांडायला खर्च फार येत नाही. मळातलं न दिसणारं रक्त शोधायची तपासणीही स्वस्त आहे. आशाताईंच्या वहीत वजनाचा एक रकाना वाढवता येईल.

असं काही केल्यानं फरक पडतो का? पडतो, आणि तो आपल्या शेजारीच दिसला आहे. करमाळ्याच्या पलीकडं बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथं सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली गावं तिच्यात होती. नोंदणीची माणसं गावोगाव फिरत, सरपंचाला, शिक्षकाला, बायकांना गाठून लक्षणं समजावून सांगत. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्या भागातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आता आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. पुढं उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एक लाख तीस हजारांहून जास्त बायकांवर तपासणीचा मोठा अभ्यास झाला. त्यात बार्शीचे डॉ. बी. एम. नेने होते, आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगभर वाचले गेले. एका तपासणीनं मृत्यू निम्म्यावर आले. लहान आतड्यासाठी अशी सरसकट चाळणी जगात कुठंच नाही, रोगच एवढा विरळ की ती परवडायची नाही. म्हणजे बार्शीचा पहिला, बोलण्याचा धडा तेवढा इथं लागू पडतो.

आता पैशाचं. ‘जिस्ट’ जातीच्या गाठीवर इमॅटिनिब नावाची गोळी आहे. पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ सांगणारं बटण अडकून बसलेलं असतं, ते ही गोळी बंद करते. या गोळीचं पेटंट भारतात मिळावं म्हणून नोव्हार्टिस कंपनी वर्षानुवर्षं भांडली. कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये, आणि भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत. विरोधात भारतीय औषध कंपन्या होत्या, तशी मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्थाही होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पेटंट नाकारलं. त्या पीठावर न्यायमूर्ती आफताब आलम यांच्याबरोबर न्यायमूर्ती रंजना देसाई होत्या. आज हे औषध सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. पेटंटच्या भानगडीत बियाण्याचीच चर्चा आपल्याकडं जास्त होते. गोळीची लढाई आपल्याच माणसांसाठी झाली हे फारसं कुणी सांगत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३ मध्ये सरकारनं कुटुंबामागं वर्षाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करण्याचा निर्णय घेतला. कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमोथेरपी या योजनेत आहे. पण योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचाराला आहे. निदान ठरायच्या आधी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हिंडताना केलेल्या तपासण्यांचा, स्कॅनचा पैसा बहुधा घरातूनच जातो. गाय विकली जाते ती इथं, ऑपरेशनच्या आधी. म्हणून संशय आला की खासगीत चार ठिकाणी हिंडण्यापेक्षा नगरचं जिल्हा रुग्णालय, पुण्याचं ससून किंवा योजनेत असलेलं मोठं रुग्णालय लवकर गाठावं. काष्टीला रेल्वे आहे, दौंड जवळ आहे, अंतराची सबब आपल्याला फारशी नाही. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरच्या नावात फरक असेल तर तो आजच दुरुस्त करून घ्या. रुग्ण दाखल असताना नातेवाईक तहसीलच्या चकरा मारत बसतो, तो ताप सगळ्यात वाईट. ग्रामपंचायतीनं वर्षातून एकदा वाडीवस्तीवर बसून हे काम उरकलं तर लोक दुवा देतील.

शेवटी ऑपरेशननंतरची एक गोष्ट, जी हमखास विसरली जाते. अडलेलं आतडं म्हणून तातडीनं ऑपरेशन होतं, तुकडा काढतात, रुग्ण घरी येतो आणि सगळे सुटल्यासारखे होतात. तो काढलेला तुकडा तपासणीला गेला का, हे विचारा. त्याचा रिपोर्ट हातात घ्या, कारण गाठ चार जातींपैकी कुठली ते त्या कागदावर असतं, आणि इमॅटिनिब द्यायचं, संप्रेरकाची इंजेक्शनं द्यायची की केमोथेरपी, हे त्यावरून ठरतं. प्रयोगशाळेत त्या तुकड्याचा मेणात बसवलेला छोटा ठोकळा ठेवलेला असतो. पुढं मुंबईला टाटा रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथले डॉक्टर रिपोर्टबरोबर तो ठोकळा आणि काचपट्ट्याही मागतात. अर्ज केला की तो मिळतो. काडेपेटीपेक्षाही लहान असतो, पण तो पिशवीत असला तर एक फेरी वाचते.